अण्णांचा पाव्हणा दगड

“लई जड हाय रं ह्यो. दगुडच हाय नव्हं?”

भावकीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी हातातला दगड खालीवर करत विचारलं. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, नुकताच मोटारसायकलवरून उतरला होता. त्याला धाप लागली होती. “दगुडच हाय. अण्णांच्या कट्ट्यावरचा. उरका आता,” असं म्हणून त्याने पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं आणि तो चितेकडे वळला.

चितेवर माझे वडील होते. अण्णा.

मी पत्र्याच्या शेडच्या खांबाला टेकून उभी होते. बायकांपैकी मी एकटीच स्मशानापर्यंत आले होते. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मी एकुलती एक, आणि त्या दिवशी सगळेच माझ्याशी जरा जपून वागत होते.

दगडासाठी बराच वेळ खोळंबा झाला होता. आमच्या माण गावची स्मशानभूमी आता नवी आहे. खाली पेव्हर ब्लॉक, कडेला शोभेची झाडं, बसायला सिमेंटचे बाक. मडक्याला भोक पाडायला दगड लागतो. ज्या दगडाने भोक पाडतात तो जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्या खड्यात असतो असं आमच्याकडे मानतात आणि दहाव्याला तो नदीत सोडतात. पूर्वी तिथल्या तिथे वाकून कोणीही एक दगड उचलायचं. आता वाकलं तरी हाताला काही लागत नव्हतं. एकाने ब्लॉकच उचकटायला घेतला.

“आरं, ब्लॉकला जीवखडा म्हनत्यात व्हय? ग्रामपंचायतीचा हाय त्यो.”

“मंग खडी बघा की. तितं पलीकडं बांधकाम चाललंय.”

“खडीनं मडकं फुटतंय का? अण्णा उठून हसत्याल.”

अण्णा नक्की हसले असते. शेवटी दादा चिडून म्हणाला, “थांबा, आलोच,” आणि मोटारसायकल काढून घरी गेला. आमच्या गच्चीच्या कट्ट्यावर अण्णांनी दगड मांडून ठेवलेले आहेत हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यातला एक तो घेऊन आला.

कोणता, ते मला मडक्यावर पहिला घाव बसला तेव्हा दिसलं. सहा कडांचा, चपटा, पंजात मावेल एवढा, जुन्या गुळाच्या रंगाचा. दादा चितेभोवती फिरत होता, मागून ते काका प्रत्येक फेरीला दगड आपटत होते, पाण्याची धार पेव्हर ब्लॉकवर पडत होती. एका घावाला दगडाच्या कडेचा कपचा उडाला. तो कुठे पडला हे मला बरोबर दिसलं होतं. पण नंतर बघितलं तर ब्लॉकच्या फटींमधून पाणी वाहत होतं आणि कपचा नव्हता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण चितेला अग्नी द्यायच्या वेळी “तो दगड नको” असं कोण म्हणतं?

आमची जमीन आयटी पार्कात गेली तेव्हा मी लहान होते. जमिनीबद्दल अण्णा फारसं बोलत नसत. पण तिथे पाया खणायला सुरुंग लागायला लागले, तेव्हा ते रोज संध्याकाळी काठावर जाऊन उभे राहायचे. मजूर गेले की खाली उतरायचे. आमच्याकडच्या काळ्या पाषाणाच्या पोटात पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांत गारा, म्हणजे स्फटिक, धरलेल्या असतात. काही पांढऱ्या, उघडलेल्या पंख्यासारख्या. काही हिरवट, चौकोनी, काचेसारख्या स्वच्छ. अण्णा त्या टॉवेलात गुंडाळून आणायचे आणि आम्ही भाड्याने द्यायला बांधलेल्या खोल्यांच्या इमारतीवर, गच्चीच्या कट्ट्यावर, ओळीने मांडायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, “रानातलं पीक हाय आमच्या. ह्ये शेवटचं.”

मला त्यांनी इंग्लिश मीडियमच्या शाळेत घातलं होतं. स्कूलबसमध्ये आणि वर्गात मी जी भाषा बोलायचे ती घरी आल्यावर माझ्या तोंडात तशीच राहायला लागली. मग मी कमी बोलायला लागले. पालकसभेला अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे आणि टीचरशी ‘आहे’, ‘नाही’ असं जपून बोलायचे. बोलताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. परत येताना गाडीवर आम्ही दोघंही गप्प. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. फक्त बोलायला विषय नसायचा.

विषय त्या दगडामुळे मिळाला.

गारा गोळा करणारा एक व्यापारी तेव्हा पुण्याहून आमच्याकडे यायचा. परदेशातल्या लोकांशी तो दगडांची अदलाबदल करायचा. एकदा त्याला अण्णांचा हिरव्या गारांचा एक गुच्छ फारच आवडला. त्याने आपली पेटी उघडून अण्णांसमोर ठेवली आणि म्हणाला, याच्या बदल्यात काय पाहिजे ते घ्या. पेटीत जांभळे, निळे, सोनेरी असे कितीतरी दगड होते. अण्णांनी एक एक हातात घेऊन बघितला आणि शेवटी हा तपकिरी उचलला. मग तो खाली ठेवायलाच तयार होईनात.

“ह्येच्या पोटात काय तरी हाय,” ते म्हणाले. “येवढूसा हाय आन् केवढा जड हाय बघा.”

काकू, म्हणजे दादाची आई, जिन्यात उभी राहून हे बघत होती. ती संध्याकाळी आईला म्हणाली, “आमच्या दिराला बाजारला धाडू नगा बाई. हिरा दिला आन् गुळाचा खडा आनला. चाटून तरी बघा, गोड हाय का.”

व्यापाऱ्याने दगडाचं नाव सांगितलं होतं, पण ते अण्णांच्या लक्षात राहिलं नाही. मी तेव्हा पुण्यात भूगर्भशास्त्र शिकत होते. मी म्हटलं, कॉलेजात नेऊन बघते. त्यांनी तो स्वतःच्या रुमालात बांधून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला आणि जिन्यातून दोनदा हाक मारून सांगितलं, “पाडू नगंस.”

मी आधी त्याचं वजन केलं. हवेत, मग पाण्यात बुडवून. आमच्या काळ्या दगडापेक्षा तो दीडपटीहून जास्त जड निघाला. तांब्याच्या नाण्याने त्याच्यावर ओरखडा उठला नाही, चाकूने उठला. त्याच्यावर तेलाचा हात लागल्यासारखी चकाकी होती, काचेसारखी नाही. एका कोपऱ्याची चिमूटभर पूड काढून परीक्षानळीत घातली आणि तिच्यावर आम्ल टाकलं, तर काहीच झालं नाही. चुनखडी असती तर लगेच फसफसली असती. मग नळी हलकेच गरम केली. थोड्या वेळाने पुडीतून बारीक बुडबुडे वर यायला लागले. म्हणजे कार्बोनेटच होतं, पण लाजरं. त्याच टेबलावर मला आणखी एक गोष्ट दिसली होती. तिच्याकडे नंतर येते. सरांनी बाकीच्या चाचण्या करून खात्री करून दिली. दगडाचं नाव बास्टनेसाइट.

मी घरी आले तेव्हा अण्णा गच्चीवर वाटच बघत होते. मला त्यांना सगळं मराठीतून सांगायचं होतं आणि माझ्याकडे अर्धे शब्द नव्हते. त्यामुळे मी फार हळू बोलत होते आणि ते फार लक्ष देऊन ऐकत होते.

“याच्यात जी मूलद्रव्यं आहेत ना, त्यांना विरल मृदा म्हणतात. मृदा म्हणजे माती. पण ती माती नाही. धातू आहेत ते.”

“मंग माती का म्हनत्यात?”

“जुनं नाव आहे, पडलं ते पडलं. आणि विरल पण तसे नाहीत. जमिनीत सगळीकडे थोडे थोडे असतात, आपल्या रानातसुद्धा. पण एका जागी गोळा होत नाहीत. पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी ते असे एकत्र येऊन त्यांचा दगड होतो. आणि एकदा एकत्र आले की एकमेकांपासून सुटे करताना कारखान्यांची पार दमछाक होते.”

“भावकीवानी,” अण्णा म्हणाले. “मंग ह्यो कुटला?”

“आफ्रिकेच्या शेजारी एक मोठं बेट आहे, तिथला. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात हा सापडत नाही. याला वेगळा खडक लागतो. भारतात गुजरातकडे, राजस्थानकडे आहे तसला, पण तिथे त्याचे कण बारीक असतात.”

त्यांनी दगड पुन्हा हातात घेतला. “म्हंजी समिंदर वलांडून आलाय. पावना हाय.”

आमच्या खोल्यांमध्ये तेव्हा ओडिशातली, बिहारमधली, कुठकुठली मुलं भाड्याने राहायची. अण्णा त्या सगळ्यांनाच पाव्हणं म्हणायचे. हा आणखी एक आला. मी त्यांना सांगितलं, की मोबाइलच्या स्पीकरमध्ये, कॉम्प्युटरमध्ये जे चिमुकले लोहचुंबक असतात, त्यांना लागणारा एक धातू अशाच दगडांतून काढतात. त्यांनी आयटी पार्काच्या उजळलेल्या इमारतींकडे बघितलं. “म्हंजी आमच्या रानात ह्योच पेरलाय म्हना की.”

मग मी आम्लाची गोष्ट सांगितली, की हा थंड आम्लात गप्प बसतो, गरम केल्यावरच त्याला बुडबुडे येतात. यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“तुज्यावानीच हाय. ऊब दिल्याबिगर बोलत न्हाई.”

त्यानंतर आमचं ठरल्यासारखं झालं. मी ऑफिसमधून आले की चहा घेऊन गच्चीवर जायचे. नोकरी मला त्याच पार्कात मिळाली होती, दगडांशी काहीही संबंध नसलेली. अण्णा कट्ट्यावरचा पाव्हणा उचलून माझ्या हातात द्यायचे, मी थोडा वेळ धरायचे आणि परत त्यांना द्यायचे. उतरत्या उन्हात तो आतून तांबूस दिसायचा, चुलीवरचा पाक लाल व्हायला लागतो तसा. त्यावर आम्ही काहीतरी बोलायचो. मग त्यावरून दुसरं काहीतरी. भाडेकरूंचं, आईच्या गुडघ्याचं, माझ्या ऑफिसातल्या बाईंचं. एवढंच. पण इतकं माझं घरात दुसऱ्या कोणाशी बोलणं झालेलं नाही.

गेल्या वर्षी अण्णांच्या मूत्रपिंडांनी साथ सोडायला सुरुवात केली. बावधनच्या एका हॉस्पिटलात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि मग एका फेरीला त्यांना तिथेच ठेवून घेतलं. जनरल वॉर्डात त्यांची खाट मधोमध होती. खिडकी लांब, तीही दुसऱ्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. दिवसभर ट्यूबलाइट लागलेल्या असायच्या. त्यांचे हातपाय सुजले होते. बोटं तर इतकी, की अंगठी कापून काढावी लागली.

एका दुपारी ते मला म्हणाले, “पावन्याला घिऊन ये की उंद्या. लई दिस झालं बघून.”

मी दुसऱ्या दिवशी तो ओढणीत गुंडाळून नेला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून डबा उघडून बसली होती. ती बघायला लागली तशी मी संकोचले. दगड घेऊन हॉस्पिटलात कोण येतं? मी घाईघाईने तो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. फिरवून पुन्हा बघितलं.

“ह्यो आपला न्हाई.”

“आपलाच आहे, अण्णा.”

“आपला असा हाय व्हय? ह्यो हिरवट हाय. मेल्यावानी दिसतुया.”

कॉलेजच्या टेबलावर मला दिसलेली दुसरी गोष्ट हीच होती. या दगडातला एक धातू, तोच लोहचुंबकाचा, पिवळ्या उजेडाची एक बारीक पट्टी गिळून टाकतो. उन्हात सगळेच रंग भरपूर असतात, त्यामुळे एक पट्टी गेली तरी दगडाला काही होत नाही, तो गुळासारखा दिसतो. गच्चीवरच्या जुन्या पिवळ्या दिव्याखालीही तसाच. पण ट्यूबच्या उजेडात मोजकेच रंग असतात. त्यातून नेमका तो गेला की दगड फिका, हिरवट पडतो. हे अण्णांना सांगायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही, कारण आमच्या गच्चीवर ट्यूब नव्हती. आम्ही त्याला कायम त्याच्या चांगल्या रंगातच बघितलं होतं.

मी म्हटलं, “उजेडाचा फरक आहे. इथे असाच दिसतो.” पण मी ते फार हळू म्हटलं, त्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि अण्णांना अलीकडे कमी ऐकू येत होतं. हातात नुसता धरून त्यांनी तो ओळखला असता. डोळे मिटून ओळखला असता. पण त्या बोटांना आता वजन कळत नव्हतं. पाण्याचा पेलाही त्यांच्या हातून निसटायचा.

त्यांनी दगड मला परत दिला. रागावले नव्हते. उलट मलाच समजून घेतल्यासारखं म्हणाले, “मला बरं वाटावं म्हनून दुसरा आनलास व्हय? असू दे. तुजं काय चुकलं न्हाई. त्यो हरवला असंल.”

तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली आणि मला बाजूला व्हावं लागलं. मी मनाशी ठरवलं, की घरी नेलं की पहिल्यांदा त्यांना गच्चीवर उन्हात बसवायचं आणि दगड हातात द्यायचा. समजावत बसायचंच नाही, नुसता द्यायचा. घरी आल्यावर मी तो जागेवर ठेवून दिला.

अण्णा घरी आले ते रुग्णवाहिकेतून, आणि गच्चीवर गेले नाहीत.

सुतकाच्या दिवसांत आमच्या दारात सतरंजी अंथरलेली असायची. माणसं येत होती, बसत होती, मारुंजीला कुठल्या सोसायटीचं काम थांबलं वगैरे हळू आवाजात बोलत होती आणि उठून जात होती. जीवखडा घरात आणत नाहीत. तो एका फडक्यात बांधून काकूच्या दारातल्या कडुलिंबाला टांगला होता. दादा रोज सकाळी तो सोडून न्यायचा, विधी करायचा आणि परत आणून टांगायचा. आमच्या ओट्यावरून ते गाठोडं दिसायचं. वारा असला तरी ते हलायचं नाही. जडच तेवढा होता तो.

आईला कट्ट्यावरची रिकामी जागा लगेच दिसली. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. खाली येऊन म्हणाली, “तुमचा पावना कुटं गेला गं?”

मी कडुलिंबाकडे बोट दाखवलं.

ती पायरीवरच बसली. आधी तिला हसू आलं. “पावन्याच्या गळ्यात पडलं म्हना की जाता जाता,” ती म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावला. डोळे पुसून तिने विचारलं, “बघून काय म्हनलं व्हतं? न्हेला व्हतास ना दवाखान्यात?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“मागून घे जा. दुसरा खडा ठिवत्याल. गुरुजींना इचारलं तर काय तरी वाट काढत्याल. दादाला सांग, ह्यो तुमचा दोगांचा व्हता म्हनून.”

मी दुपारी गेले. अंगणात कोणी नव्हतं. मी गाठोड्याखाली तळहात धरला. फडकं तिळाच्या पाण्याने ओलं होतं. कपचा जिथून उडाला होता ती धार बोटाला लागली.

“शिवू नगंस त्याला!” काकू दारातून ओरडली. मग तिलाच वाईट वाटलं असावं. जवळ येऊन तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. “काय बघायचंय त्यात बाळा? दगुड तर हाय. ये, च्या टाकते.”

चहा पिताना दादा आला. दाढी वाढलेली, डोक्याचं मुंडण केलेलं, डोळे लाल. अण्णांनी त्याला सायकल चालवायला शिकवलं होतं आणि नंतर ट्रॅक्टरही. तो माझ्यासमोर पाटावर बसला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला,

“तुला सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी तुमच्या कट्ट्यावरनं दगुड आनला. इचारलं न्हाई, टाइमच नव्हता. पन मी चांगल्याला हात न्हाई लावला. त्या पांढऱ्या गारा, हिरव्या गारा, सगळ्या तशाच हायेत बघ. अण्णा जिवापाड जपायचे त्यांना. म्हनलं तुज्यासाठी ऱ्हाव्यात. त्यातल्या त्यात साधा, तपकिरी बघून आनला.”

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, हे मला दिसत होतं.

“बरं केलंस,” मी म्हटलं.

चहा संपवून मी घरी आले. आईने विचारलं नाही. तिला माझ्या चालण्यावरूनच कळलं असणार. रात्री मी पडून राहिले आणि माझ्या ध्यानात आलं, की दगड जाणार याचं मला जेवढं वाटायला हवं तेवढं वाटत नाहीये. तो मिळाला असता तर मी काय केलं असतं? कट्ट्यावर परत ठेवला असता आणि रोज संध्याकाळी बघितला असता. मला त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होत होता. आपला दगड हरवला आणि लेकीने आपली समजूत घालायला दुसरा आणला, असं समजून अण्णा गेले होते. त्यांच्या लेखी पाव्हणा परत कधी आलाच नव्हता. आणि हे जगात मला एकटीलाच माहीत होतं.

दहाव्याला घाटावर मोठी गर्दी झाली. आमच्याकडे दहावं म्हणजे प्रवचन असतं, मांडव असतो, माइक असतो. प्रवचन झालं की एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो. अण्णांना दोनदा भेटलेली माणसंही त्यांच्या स्वभावावर बोलली. मग सूत्रसंचालन करणारे म्हणाले, “आता कन्येला दोन शब्द बोलू द्या.” माइक माझ्यासमोर आला. मी मान हलवली. पुरुषांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, “बोल की! इंग्लिश मीडियमची हायेस, इंग्लिशमदी बोल. आमी टाळ्या वाजवू.” कोणीतरी त्याला दटावलं. मी पुन्हा मान हलवली आणि माइक पुढे गेला.

पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकायच्या आत कावळा येऊन शिवलाही. लोकांना थोडं चुकल्यासारखंच झालं. त्यांनी बराच वेळ थांबायची तयारी केली होती.

“कायबी मागं ठिवलं न्हाई गड्यानं,” मघाशी मला इंग्लिशमध्ये बोलायला सांगणाराच आवाज म्हणाला.

मी खाली बघितलं. कावळ्याला काय माहीत होतं?

गुरुजींनी दादाला फडकं सोडायला सांगितलं. दगड तिळाने, पिठाने, दह्याने माखला होता. नुसता एक राखाडी गोळा. दादा तो ओंजळीत घेऊन पायऱ्या उतरायला लागला. नदीला पाणी होतं, कडेने जलपर्णी साचलेली, मध्ये मोकळी धार. ऊन पलीकडच्या काठावरून समोर येत होतं, चांगलं वर आलेलं, स्वच्छ.

मी चपला काढल्या आणि त्याच्यामागे गेले.

“दादा, जरा दे.”

माइकवर कोणीतरी जेवणाची सूचना देत होतं, त्याला ऐकू गेलं नाही. मी त्याच्या कोपराला हात लावला आणि ओंजळ पुढे केली. तो गोंधळला. त्याने गुरुजींकडे बघितलं.

“द्या,” गुरुजी म्हणाले. “लेकच आहे. सोडू दे तिला.”

“अगं शेवाळ हाय, पडशील!” मागून काकू.

शेवटच्या पायरीवरून मी पाण्यात उतरले. पोटऱ्या बुडाल्या. पाणी गार होतं. मी वाकून दगड धुतला. तीळ निघाले, पीठ निघालं, दह्याचा चिकटा अंगठ्याने घासून काढावा लागला. मग मी तो बाहेर काढला आणि वर, उन्हात धरला. सगळीकडून ओला होता. कपचा उडाला होता तिथे नवी जागा उघडी पडली होती. इतकी वर्षं आत असलेली, कोणी न बघितलेली. ऊन त्या जागेवर पडलं आणि सबंध दगड आतून तांबूस झाला, संध्याकाळी गच्चीवर व्हायचा तसा. हिरवटपणाचा मागमूस नव्हता.

दादा माझ्या शेजारी पाण्यात उभा होता. तो दगडाकडे बघत होता, मग माझ्याकडे. त्याला काहीतरी उमगायला लागलं होतं. मागे घाटावरचा माइक बंद झाला होता. सगळे ऐकतायत हे मला कळत होतं. यावेळी मी आवाज खाली घेतला नाही.

“अण्णा, बघा उन्हात,” मी म्हणाले. “आपलाच हाय. मी दुसरा नव्हता आनला.”